देवपूरच्या माळ्यावरची गिटार

रिवाइंडिंगच्या दुकानात जळक्या तारेचा ढीग कधी साठतो ते कळत नाही. आज एक पंप उघडला, उद्या एक कूलर उघडला, आणि सहा महिन्यांनी बघावं तर कोपऱ्यात पोतं भरलेलं! किस्स्यांचंही तसंच आहे. आमच्या तिघांच्या नादापायी एवढे साठलेत की कुणी सहज "काय चाललंय?" विचारलं तरी एखादा सांडतो. बायको म्हणते, तारेला निदान भंगारवाला तरी येतो.

नाद कसला, तर जुन्या इलेक्ट्रिक गिटारी जमवण्याचा. हसू नका. एके काळी जळगाव-धुळ्यात गल्लोगल्ली ऑर्केस्ट्रा होते. गणपतीत, लग्नात, कॉलेजच्या गॅदरिंगला त्यांनाच बोलावणं असायचं. कुणी मुंबईहून सेकंडहँड जपानी गिटार आणायचा, कुणी कलकत्त्याहून मागवायचा. मग कीबोर्ड आले, डीजे आले आणि गिटारी माळ्यावर गेल्या. त्या आम्ही शोधत फिरतो. अट एकच, ओरिजिनल कंडिशन. रंग कंपनीचा, स्क्रू कंपनीचे, आतल्या वायरींना सोल्डरिंगचा दिलेला डागसुद्धा कंपनीचा. मध्ये कुणी हात घातलेला दिसला की आमच्या लेखी ती गिटार बाद.

आम्ही तिघं म्हणजे जळगावचा मी, सुधाकर, मोटर रिवाइंडिंगवाला. दुसरे पाटील सर, फिजिक्सचे रिटायर्ड प्राध्यापक. आणि तिसरे धुळ्याचे ललितभाऊ. त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान. आजोबा राजस्थानातून आले, पण ललितभाऊ गिऱ्हाइकाशी अशी ठसकेबाज अहिराणी बोलतात की खेड्यातली म्हातारी माणसं त्यांना आपल्याच गावचं समजतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे नवल नको. मी ललितभाऊंवर जळतो. माझ्याकडे पाच गिटारी आहेत आणि पाचांतही कुणी ना कुणी काही ना काही करून ठेवलेलं आहे. ललितभाऊंकडे मात्र एक अशी आहे की जिला कारखान्यातून निघाल्यापासून कुणाचा स्क्रूड्रायव्हर लागलेला नाही. तसली एक, फक्त एक, माझ्या छपराखाली असावी एवढीच माझी इच्छा आहे. बाकी देवानं पुष्कळ दिलंय.

* * *

ती गिटार ललितभाऊंना कशी मिळाली, ते ऐका म्हणजे माझं जळणं रास्त आहे की नाही ते तुम्हीच ठरवाल.

माझी बहीण धुळ्याला देवपुरात राहते. एकदा भाऊबीजेला गेलो, तर शेजारच्या अक्कांची पाण्याची मोटर बंद. बहिणीनं मोठ्या अभिमानानं सांगून टाकलं की माझा भाऊ याच कामातला आहे. गेलो. मोटरची वायर माळ्यावरून आत आली होती. स्टुलावर चढलो, हात घातला, तर जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबडं मध्ये येत होतं. ते मी बाजूला सरकवलं, वायर जोडली, मोटर चालू करून दिली आणि अक्कांच्या हातचा चहा पिऊन निघालो.

पुढच्याच आठवड्यात अक्का जुनी तांब्या-पितळेची भांडी मोडीत द्यायला ललितभाऊंच्या दुकानात गेल्या. पोत्यात घंगाळ, दोन हंडे, आणि ती चादर. अक्का म्हणाल्या, दिरांची आहे, ते ऑर्केस्ट्रात वाजवायचे, आता पुण्याला असतात आणि 'टाकून द्या' म्हणतात. पितळेत धरता आली तर धरा.

चादर उघडली तर जपानी गिटार. मध्ये मधासारखी पिवळी, कडेला काळपट होत गेलेली, चारही बटणं जागच्या जागी, चादरीच्या घडीत कंपनीचा कागदसुद्धा! ललितभाऊंनी अक्कांना पितळेचा भाव तर दिलाच, वर स्टीलचं मोठं पिंप दिलं, झाकणासकट. अक्का खूश झाल्या.

मला हे ललितभाऊंनीच फोन करून सांगितलं. पत्ता ऐकून मी खालीच बसलो. त्यांना वाटलं, मला आनंद झाला.

त्या दिवसापासून बहिणीच्या घरी गेलो की मी शेजारच्या माळ्याकडे बघत नाही. बहीण विचारते, अक्कांशी काही बिनसलंय का?

* * *

पाटील सरांचा किस्सा वेगळा. सर सरळमार्गी माणूस. कुणाकडे जायचं तर आधी फोन करून, वेळ घेऊन. त्यांनी तसंच फैजपूरच्या एका केळीवाल्या शेतकऱ्याला फोन केला. त्याच्या चुलत्याची गिटार होती, एकदम हात न लागलेली, फोटो आम्ही पाहिला होता. सरांनी त्याला बजावून सांगितलं की गुरुवारी येतो, गिटार आहे तशी ठेवा.

गुरुवारी मी आणि सर गेलो. आधी जेवण. वांग्याचं भरीत, पुऱ्या, वर केळीचा फणा. सरांचं लक्ष जेवणात नव्हतं. हात धुतल्यावर त्या भल्या माणसानं आम्हाला अंगणात नेलं. तिथे दोरीवर गिटार टांगलेली होती, खाली वर्तमानपत्र अंथरलेलं, आणि गिटार डोक्यापासून पायापर्यंत लाल! ट्रॅक्टरला मारून उरलेला ऑइलपेंट होता. पट्ट्या लाल, बटणं लाल, तारासुद्धा लाल.

"इतके मोठे सर येऊ राह्यले म्हनून म्या एक हात मारून देला," तो म्हणाला. "दुसरा हात संध्याकाळी मारतो. उद्या न्या."

सर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, फार छान झालीय. त्यांनी ती घेतलीही. आज त्यांच्या हॉलमध्ये टांगलेली आहे. येणारा प्रत्येक पाहुणा तीच उचलून बघतो, बाकीच्यांकडे ढुंकूनही बघत नाही.

मला त्या दिवशी सरांबद्दल वाईट वाटलं. पण त्यात थोडं बरंही वाटलं, हे लपवून काय करू?

* * *

त्यानंतर माझी पाळी आली. मला पारोळ्याच्या एका निवृत्त ऑर्केस्ट्रावाल्याकडून गिटार मिळाली. पांढरी. पुढची प्लास्टिकची पट्टी साईच्या रंगाची, एक ओरखडा नाही. सर स्वतः भिंग घेऊन आले, तासभर बघितलं आणि म्हणाले, हिच्यात खोट काढता येत नाही. ललितभाऊंना मी दिवसभरात तीन वेळा फोटो पाठवले. तिसऱ्या वेळी त्यांनी फक्त अंगठा पाठवला. असं समाधान मला माझ्या लग्नातही झालं नव्हतं.

गिटार दुकानातच ठेवली होती, घरी भिंतींना ओल असते म्हणून. दीड महिन्यानं खंडेनवमी आली. आमच्या दुकानात त्या दिवशी सगळ्या हत्यारांची पूजा. मी आंघोळ करून, सोवळं नेसून, ओलं कुंकू घेऊन बसलो. वाइंडिंग मशीनला बोट लावलं. ड्रिलला लावलं. पकड, हातोडी, मीटर, डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न, सगळ्यांना लावत गेलो. तीस वर्षांची सवय. हात आपोआप चालतो, तोंडानं मंत्र चालतो, डोकं प्रसादाच्या पेढ्यांत असतं.

भानावर आलो तेव्हा पाच बोटं लागून गेली होती. साईच्या रंगाच्या पट्टीवर, अगदी मधोमध.

जुनं प्लास्टिक कुंकू पितं, हे मला त्या दिवशी कळलं. पाण्यानं पुसलं, खोबरेल लावलं, लिंबू लावलं. लाल होतं ते गुलाबी झालं आणि तिथेच थांबलं. बायको म्हणाली, चांगलंच झालं, देवाचं आहे.

दसऱ्याला ललितभाऊंचा फोन आला. सरांकडून कळलं म्हणाले, फार वाईट वाटलं, रात्री झोप लागली नाही. आवाजात दुःख असं ठासून भरलं होतं की मागे कुणीतरी हसू दाबतंय तेसुद्धा ऐकू येत होतं. मग त्यांनी सांगितलं की ते दरवर्षी गिटारीच्या पेटीच्या कुलपाची पूजा करतात. गिटारीपर्यंत कुंकू जाऊच देत नाहीत. शहाणा माणूस! पण हे मला नवमीच्या आधी सांगायला काय झालं होतं?

* * *

कुंकवाचा राग माझ्या डोक्यात होता. त्यातून मी एक पाप केलं. सांगतोच.

मला अमळनेरच्या एका गिटारीचा सुगावा लागला होता. रविवारी जायचं होतं आणि त्याच रविवारी ललितभाऊही शोधाला निघणार होते. ते भलतीकडे गेले तर बरं, म्हणून मी त्यांना फोन करून एक पत्ता दिला. शिरपूर रस्त्याला एका खेड्याचं नाव घेतलं, जिथे मी जन्मात गेलेलो नाही, आणि सांगितलं की तिथे तुकाराम मास्तर म्हणून आहेत, त्यांच्याकडे जुनी गिटार आहे. तुकाराम मास्तर मी जागच्या जागी तयार केले होते.

अमळनेरला माझ्या नशिबी तारा तुटलेलं बँजो आलं. संध्याकाळी घरी पोचतो तर ललितभाऊंचा फोन. मी उचलला.

ते म्हणाले की त्या गावात तुकाराम मास्तर कुणी नाहीत. पण पारावरचे लोक म्हणाले, तुकाराम नसतील, सुपडू मास्तर असतील, त्यांच्याकडे तसलं वाद्य आहे. गेले. सुपडू मास्तरांनी कोठीतून पेटी काढली. आत कलकत्त्याची गिटार, कापूर ठेवून जपलेली, मूळ बिलासकट. मास्तरांनी त्यांना दूधफेणी खाऊ घातली आणि गिटार आनंदानं दिली.

"नावमा थोडी चूक व्हयनी तुनी," ललितभाऊ म्हणाले, "पन उपकार इसरनार नही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एसटीनं माझ्यासाठी दोन किलो पेढे पाठवले. घरात सगळ्यांनी खाल्ले. माझ्या घशाखाली एक उतरला नाही.

* * *

एक छोटासा. पाटील सरांची नात मुंबईहून आली होती. सरांच्या घरी आम्ही तिघं आपापला माल मांडून बसलो होतो. ललितभाऊंनी देवपूरची गिटार मांडीवर मऊ फडकं टाकून त्यावर ठेवली होती. तिच्या तारासुद्धा मूळच्या, गंजून तपकिरी झालेल्या. त्यांना ते शिंकही लागू देत नाहीत. आम्ही दोन तास स्क्रूच्या खाचांवर चर्चा केली. नात शांतपणे ऐकत होती.

शेवटी तिनं विचारलं की आता कोण वाजवणार?

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मला राष्ट्रगीताची पहिली ओळ येते, तीही एका बोटानं. सरांना प्रत्येक सुराची कंपनसंख्या तोंडपाठ आहे. ललितभाऊंना यातलं काहीच येत नाही. सर म्हणाले, बाळा, चहाचं बघ जरा.

* * *

आता चोपड्याचा. हा झाला त्याला वर्षही झालेलं नाही.

चोपड्याला एक नाना आहेत. तरुणपणी ऑर्केस्ट्रात लीड गिटार वाजवायचे, आता केळीची बाग बघतात. त्यांच्याकडे जपानी गिटार आहे हे आम्हाला तिघांनाही एकाच दिवशी कळलं, त्यामुळे कुणी कुणाला फसवायची सोय राहिली नाही. सरांच्या गाडीतून एकत्रच गेलो. वाटेत मी आणि ललितभाऊ हवापाण्याशिवाय काही बोललो नाही.

नानांनी आधी गिटार वाजवून दाखवली. जुन्या वॉल्व्हच्या रेडिओच्या मागे वायर खुपसली, रेडिओ तापू दिला आणि पहिला सूर काढला. काय सांगू! भरलेला, गोल, छातीत घुमणारा. बारा वर्षं गिटारी गोळा करतोय, पण गिटारीचा आवाज असा असतो हे मला त्या दिवशी कळलं. सरांनी चष्मा काढला. ललितभाऊंच्या हातातला चहा गार झाला.

वाजवून झाल्यावर नाना म्हणाले की पैसे नकोत, पोरं परदेशात आहेत, भरपूर आहे. गिटार पारख असलेल्या माणसाच्या घरी जावी एवढंच मनात आहे.

"येनामा एकच चीज बदलेल शे," नाना म्हणाले. "कोनती ते जो वळखी, तो लई जाओ."

ललितभाऊ पहिले. खिशातून भिंग काढलं, टॉर्च काढला. स्क्रू पाहिले, बटणं पाहिली, मागचं झाकण उघडून डाग न् डाग पाहिला. पाऊण तास. शेवटी घाम पुसून म्हणाले की नाना चेष्टा करताहेत, हिच्यात बठ्ठं, सगळंच्या सगळं, कंपनीचं आहे.

मग मी. बाहेरून मलाही काही सापडलं नाही. म्हटलं, पिकअप तरी बघू. पिकअप म्हणजे तारांच्या खाली बसवलेली लोहचुंबकाची छोटी पेटी, तिच्यात केसापेक्षा बारीक तारेची कॉईल असते. आवाज तिथूनच निघतो. नानांना विचारून वरचं कव्हर काढलं. कॉईलवर सुती दोरा गुंडाळलेला होता आणि दोऱ्याला शेवटी उलटी गाठ होती, डावीकडून मारलेली.

माझे वडील डावखुरे होते. मी उजवा आहे, पण काम त्यांच्याकडे बघून शिकलो, म्हणून गाठ मीही उलटीच मारतो. खानदेशात तशी गाठ मारणारं दुसरं दुकान नाही.

मी म्हणालो, "नाना, हे आमच्या दुकानातलं काम आहे. कॉईल भरलेली आहे."

नानांनी माझ्याकडे नीट बघून वडिलांचं नाव विचारलं. मग सांगितलं की ऐन गणपतीत कॉईल गेली होती, कुणी हात लावायला तयार नव्हतं. माझे वडील दोन दिवस जेवायलाही उठले नाहीत, हातानं तार भरत बसले. आणि तेव्हापासून ही गिटार अशी वाजते. त्याआधी साधीच होती.

गिटार मला मिळाली. वडिलांच्या हाताची. दुसरा कुणी असता तर रडला असता. माझे डोळे भरलेही, नाही असं नाही. पण गाडीत बसल्यावर, ती मांडीवर असताना, माझ्या मनात आलेला पहिला विचार काय होता? की हीसुद्धा ओरिजिनल नाही!

ललितभाऊ पुढच्या सीटवर गप्प होते. पारखीत हरले म्हणून असतील, असं मला वाटलं.

पंधरा दिवसांनी, भर दुपारी, ते माझ्या दुकानात आले. धुळ्याहून स्वतः गाडी चालवत. हातात कुलूपवाली पेटी. पेटी टेबलावर ठेवून त्यांनी कुलूप काढलं, आत देवपूरची गिटार. तिला मी इतक्या जवळून, कुणी 'हात नको लावू' म्हणत नसताना, पहिल्यांदाच बघत होतो. ललितभाऊंचा चेहरा उतरला होता. तो चेहरा मी चांगला ओळखतो, रोज दाढी करताना बघतो.

म्हणाले, नानांची गिटार ऐकल्यापासून डोक्यातून आवाज जात नाही. घरी जाऊन जुना रेडिओ शोधला, त्याला ही लावली.

"मना दुकानना डबा बी येनापेक्षा चांगला वाजस," ते म्हणाले. "सुधाकर, येनी कॉईल बी तुना बापनी भरेल तशी भरी दे."

मी विचारलं, "भाऊ, कंपनीची कॉईल काढायची? विचार केलाय ना?"

"करेल शे," ते म्हणाले आणि पेटीची किल्ली माझ्या हातात ठेवली. किती दिवस लागतील म्हणाले. मी म्हटलं, आठेक दिवस. बारीक तार मागवावी लागेल.

माझ्या पाठीमागच्या फळीवर त्याच नंबरच्या तारेचं रीळ होतं, न उघडलेलं. ललितभाऊ चहा पीत होते तेव्हा मी त्याच्यावर हळूच फडकं टाकलं.

आज सातवा महिना. गिटार टेबलाशेजारच्या कपाटात आहे, काचेतून दिसते. सकाळी दुकान उघडलं की पहिली तिच्यावरची धूळ झटकतो. स्क्रूड्रायव्हर त्या कपाटाकडे फिरकू देत नाही. नवमीलाही तिला लांबूनच नमस्कार केला. दर सोमवारी ललितभाऊंचा फोन येतो, झालं का म्हणून.

मी गिटारीकडे बघत सांगतो, "नाही ना भाऊ. त्या नंबरची तारच येत नाहीये."